महेंद्रचे बंगळूरमधले डोळे

खारेगाव, कळवा
८ जुलै २०२४

नीरजाताई,

आजकाल पत्र कोण पाठवतं म्हणून तिकडे बंगळूरला पाकीट उलटसुलट करून बघत असाल. मी पाठवलंय. तुमची भावजय, रुपाली. मोबाइलवर लिहिता आलं असतं, पण आमच्या घरातले मोबाइल आता बोलतात. महेंद्रने फोनवर वाचून दाखवणारी बाई लावून घेतलीय, त्याच्या फोनवर आणि माझ्याही. मेसेज आला की ती मोठ्याने वाचते. आमच्या संचिताच्या शाळेची सूचना, गॅसवाल्याचा नंबर, माझ्या आईचं 'जेवलीस का', सगळं. या घरात त्याला ऐकू न येणारी एकच गोष्ट उरलीय, ती कागद. म्हणून कागद.

तर, महेंद्रला दिसत नाही.

तुम्हाला माहीत आहे ते वेगळं. संध्याकाळनंतर दिसत नाही, बाजूचं दिसत नाही, मधला रुपयाएवढा तुकडा तेवढा दिसतो, हे तुम्हाला माहीत होतं. त्या तुकड्यावर त्याचं चाललं होतं. त्यात संचिताचं तोंड मावायचं. मॅचची कॉमेंट्री करताना स्कोअरर त्याच्या कानात सांगायचा आणि बॅट्समन तेवढा तो स्वतः बघायचा. दिव्यापासून कोपरपर्यंत लोक म्हणायचे, महेंद्रशेठचा आवाज नसेल तर टूर्नामेंटला मजा नाही. तो तुकडा गेला. आता काळोख आहे. काळोखही नाही म्हणतो तो, काहीच नाही म्हणतो.

नौपाड्यात एक सेंटर आहे. पहिल्या मजल्यावर, एसी, चकचकीत. डॉक्टर सर्वेश म्हणून एक माणूस तिथे स्टेम सेलचं इंजेक्शन देतो. तुमच्याच कमरेच्या हाडातल्या पेशी, तुमच्याच डोळ्यात, साइड इफेक्ट नाही. असं तो म्हणतो. जूनच्या सुरुवातीला त्याने महेंद्रच्या दोन्ही डोळ्यांत ते दिलं. एकाच दिवशी दोन्ही डोळ्यांत. तीन-चार दिवसांत डोळे लाल झाले, मग दुखायला लागले, मग तो म्हणाला, "रुपाली, मधे कोळ्याचं जाळं आलंय." सेंटरला फोन केला तर म्हणाले, पेशी काम करतायत, थांबा. आम्ही थांबलो. मग मुंबईला मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टर बाईंनी आत डोकावून बघितलं आणि मागे सरून विचारलं, "दोन्हीत एकदम? हे कोणी केलं?" घातलेल्या पेशींनी आत पापुद्रे धरले आणि डोळ्याचा पडदा ओढून सोडवला, असं त्यांनी सांगितलं. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन केलं. पडदा बसला. नजर नाही आली.

आता तुम्हाला का लिहितेय ते ऐका.

त्या सेंटरच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर टीव्ही आहे. आम्ही बसलेलो. महेंद्र मान खाली घालून बसलेला, आणि एकदम त्याने माझं मनगट धरलं. "ताई," तो म्हणाला. मला वाटलं कोणी ओळखीचं आलं. टीव्हीवर तुम्ही होतात. पांढरा कोट नाही, निळी साडी. जानेवारीत डोंबिवलीच्या व्याख्यानमालेत बोललात ना, ते. आमच्या घरापासून चार स्टेशनं. आम्हाला कळवलंही नव्हतंत. तुम्ही म्हणत होतात, "माझ्या सख्ख्या भावाला हा आजार आहे. त्याच्या रक्तातून आम्ही स्टेम सेल बनवल्या, आणि त्यांतून डोळ्याचा पडदा तयार केला." टाळ्या. मग पुन्हा पहिल्यापासून तेच. माझ्या सख्ख्या भावाला. माझ्या सख्ख्या भावाला. पाच वर्षांनी तो तुमचा आवाज ऐकत होता, ताई. घरात नाही, त्या खोलीत.

आत गेल्यावर तो डॉक्टरला म्हणाला, "बाहेर टीव्हीवर आहे ती माझी बहीण." काय अभिमान त्या आवाजात! डॉक्टर सर्वेश हसला. म्हणाला, "मग तुम्हाला मी काय समजावणार?"

मला तुमचं सांत्वन नको. तो व्हिडिओ त्यांच्याकडे कसा गेला, एवढं सांगा.

रुपाली


खारेगाव
३० जुलै २०२४

नीरजाताई,

तुमची चार पानं मिळाली. टाइप केलेली. सही तेवढी हाताने.

व्हिडिओ तुम्ही दिला नाही, यूट्यूबवरून कोणीतरी कापून घेतला, पुढचं वाक्य उडवलं. पुढचं वाक्य होतं, 'ही उपचारपद्धती नाही, हा अभ्यास आहे.' ठीक. विश्वास ठेवते. पण तुम्ही पुढे लिहिलंत, 'मार्चमध्ये मी त्याला स्पष्ट सांगितलं होतं.' काय सांगितलं होतंत, मी लिहून दाखवते. मी शेजारीच बसलेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने तुम्हाला मेसेज केला. बोलून टाइप केला, दोनदा चुकला, पुन्हा केला. 'ताई, नौपाड्यात स्टेम सेलचं इंजेक्शन देतात. घेऊ का?' तुमचं उत्तर आलं. फोनमधली बाई इंग्रजीत म्हणाली, 'नो. अनप्रूव्हन. अव्हॉइड.' बस. तो फोन हातात घेऊन बसला. मला वाटलं आता तुम्ही फोन कराल. त्यालाही वाटलं. संध्याकाळ होईपर्यंत त्याने फोन खाली ठेवला नाही. मग म्हणाला, "बिझी असेल."

तुम्ही विचारलंत, मी सोबत होते तर अडवलं का नाही. हो, होते. पुढचं विचारा.

तुमच्या कामाबद्दल दोन पानं लिहिलीत, ती मी नीट वाचली. रक्तातल्या पेशी तुम्ही मागे नेता, इतक्या मागे की त्या पुन्हा काहीही व्हायला मोकळ्या होतात. मग त्यांना डोळ्याच्या पडद्याच्या वाटेला लावता. बाळाचा डोळा पोटात जितका सावकाश बनतो, तितकाच सावकाश तो तुमच्या बशीत बनतो, महिनोन्महिने, मोहरीच्या दाण्याएवढा. महेंद्रचा डोळा आईंच्या पोटात बनताना कुठे काय बिघडलं, ते तुम्ही परत पहिल्यापासून घडताना बघता. कुठली पेशी आधी आजारी पडते, कोणत्या औषधाने ती टिकते, हे त्यावर तपासता. जिवंत माणसाचा डोळा कापून बघता येत नाही, म्हणून हा.

समजलं मला. आणि समजल्यावर माझा राग वाढला. कारण इतकं सोपं करून सांगता येत होतं! मार्चमध्ये हीच दोन पानं त्याच्या कानात वाचली असतीत, तर तो त्या जिन्याची पायरी चढला नसता. जगभरच्या लोकांसाठी तुम्ही त्याच्या डोळ्यांवर एवढा मोठा लेख लिहिलात. त्याच्यासाठी तीन शब्द.

पाच वर्षांपूर्वीचं मी काढणार नव्हते, तुम्हीच काढलंत. 'महेंद्रनेच मला घरातून जा म्हटलं.' हो, म्हटलं. का म्हटलं? रक्त नेलंत, तपासलंत, आणि गणपतीत सगळं घर भरलेलं असताना आईंना म्हणालात, "आई, हा दोष तुझ्याकडून आलाय." तुम्हाला ती माहिती होती. आईंच्या कानाला ती शिवी होती. सगळ्या जावा-नणंदांसमोर! त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. आजही त्याच्या डोळ्यांत थेंब घालताना त्या पुटपुटतात, आणि काय पुटपुटतात ते मला ऐकवत नाही. महेंद्रने तुम्हाला जा म्हटलं ते आईंसाठी. तुम्ही गेलात ते कोणासाठी?

आणि चौथ्या पानावर, तळाला, अगदी सहज, 'बापाकडून हा दोष प्रत्येक मुलीत उतरतो, म्हणून संचिताही वाहक असणारच. तिला स्वतःला बहुधा फार त्रास होणार नाही, पण पुढे तिच्या मुलग्यांना होऊ शकतो.' असणारच! म्हणजे तपासायचीही गरज नाही. म्हणजे हे तुम्हाला पाच वर्षं माहीत आहे. ती तेव्हा चार वर्षांची होती, तुमच्या मांडीवर बसून आरतीला टाळ्या वाजवत होती.

मला तुमच्याकडून एक काम हवंय. आम्ही वैद्यकीय परिषदेकडे त्या डॉक्टरची तक्रार करतोय. तुम्ही येऊन सांगायचं की व्हिडिओ तुमचा आहे, तो कापलाय, आणि असं इंजेक्शन या आजारावर कुठेही मान्य नाही. संस्थेची परवानगी घ्यावी लागेल असं आधीच लिहू नका. घ्या परवानगी.

रुपाली


खारेगाव
२१ ऑगस्ट २०२४

नीरजाताई,

लिहू नका म्हटलं होतं, तेच लिहिलंत. 'संस्थेला माझं नाव अशा वादात येणं योग्य वाटत नाही. लेखी मत देता येईल का ते बघते.' बघा. आम्ही इकडे काय केलं ते सांगते.

परवा आम्ही सेंटरला गेलो. कागद मागायला, म्हणजे काय दिलं, किती दिलं. आई म्हणाल्या, मी पण येणार. महेंद्र नको नको म्हणत होता. त्या नऊवारी नेसून रिक्षात येऊन बसल्या. कळव्याच्या पुलावर अडकलो तेव्हाही एक शब्द नाही.

बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू होता. अजून तुम्हीच. आईंनी तुम्हाला बघितलं. पदराने चष्मा पुसला आणि परत बघितलं. "बारीक झालेय," एवढंच म्हणाल्या.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, कागद मिळणार नाहीत, डॉक्टर बिझी आहेत. मी आवाज चढवला. खोलीत सहा-सात पेशंट होते. एक गृहस्थ बदलापूरहून मुलीला घेऊन आलेले. भावना तिचं नाव, कॉलेजात शिकते, जाड चष्मा. त्यांनी महेंद्रची काठी बघून अगदी हळू विचारलं, "दादा, तुम्ही इथेच घेतलंत? किती फरक पडला?"

महेंद्र जून महिन्यापासून घरात धड बोललेला नाही. हो, नाही, पाणी दे, इतकंच. मला वाटलं उत्तर देणार नाही. तो उठला. भिंतीला हात लावून सरळ उभा राहिला आणि मैदानात माइक हातात घेतल्यावर लावतो ना, तो आवाज लावला.

"नमस्कार मंडळी. माझं नाव महेंद्र, खारेगावचा. टीव्हीवर बोलतेय ती माझी सख्खी बहीण. ती पुढे जे बोलली ते यांनी कापलंय. मी पूर्ण भाषण ऐकलंय. ती पुढे म्हणाली, ही उपचारपद्धती नाही. ती म्हणाली, आम्ही अजून शिकतोय. जूनमध्ये मी याच खुर्चीत बसून हिचा आवाज ऐकला आणि आत गेलो. तेव्हा मला माझ्या मुलीचं तोंड दिसायचं. आता दिसत नाही. भाऊ, तुम्ही विचारलंत किती फरक पडला. एवढा पडला."

ताई, त्याने तुमचं पूर्ण भाषण शोधून ऐकलं होतं. कधी, मला माहीतच नव्हतं. मला कळू नये म्हणून कानात इअरफोन घालून ऐकलं असणार.

बदलापूरचे गृहस्थ उठले. मुलीचा हात धरला, आमचा नंबर घेतला आणि गेले. अजून एक बाई गेली. बाकीचे बसून राहिले, ताई! महेंद्रकडे बघत बसून राहिले, आणि काउंटरवरच्या मुलीने नाव पुकारल्यावर एक जण आत गेलासुद्धा. मला त्याची कॉलर धरावीशी वाटली.

मग डॉक्टर सर्वेश बाहेर आला. आई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्याच्या छातीपर्यंत येतात त्या.

"मना येवढाच सांग. माज्या पोराच्या डोल्यान काय घातलास तू?"

"आजी, तुम्ही बसा. हे मेडिकल आहे."

"मी बसाला नाय आयले. त्याला येवढासा दिसत होता. त्यो पन तू नेलास. कनाला नेलास? कशाला?"

तो माझ्याकडे वळला. म्हणाला, आम्ही गॅरंटी दिली नव्हती, मिस्टरांनी स्वतः सही केली. मी म्हटलं, आम्ही परिषदेकडे गेलोय. तेव्हा तो जे बोलला ते माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणाला, "मॅडम, मी निदान काहीतरी केलं. तुमच्या त्या शास्त्रज्ञ नणंदेनं काय केलं? रक्त घेऊन गेली. तुम्हाला काय दिलं?"

 त्या माणसासमोर मला उत्तर सुचलं नाही, याची मला इतकी चीड आहे की तुम्हाला सांगता येत नाही. घरी येऊन भांडी घासताना, कपडे वाळत घालताना तेच. काय दिलं? काय दिलं?

म्हणून आता माझं ऐका. संमती कधीही मागे घेता येते, हे रक्त घेताना तुम्हीच सांगितलं होतंत. ती आम्ही मागे घेतोय. महेंद्रच्या पेशी, त्या बशा, ते मोहरीचे दाणे, सगळं नष्ट करा. त्याचे डोळे इथे गेले. तिथे बंगळूरलाही नकोत.

रुपाली


खारेगाव
१० सप्टेंबर २०२४

नीरजाताई,

मला उत्तर न पाठवता तुम्ही सरळ त्याला फोन केलात. फोनमधल्या बाईने स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल असं तुमचं नाव पुकारलं. माझ्या हातातलं उलथनं पडलं.

तुम्ही विचारलंत, "महेंद्र, पेशी नष्ट करायला तू सांगितलंयस का?" आणि तो म्हणाला, "कसल्या पेशी?" तुम्हाला एवढंच ऐकू आलं. फोन बंद झाल्यावर घरात काय झालं ते तुम्हाला माहीत नाही. सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल की राग फक्त मलाच येत नाही.

"तू कोण गं माझ्या वतीने लिहिणारी?" तो म्हणाला. "डॉक्टरने मला खरं न सांगता डोळे नेले. ताईने आईला न विचारता बोलून टाकलं. आता तू मला न विचारता माझं रक्त मोरीत ओतायला निघालीस. मी आंधळा झालोय रुपाली, मेलो नाही!"

 संचिता दारात उभी होती. तिने जाऊन त्याचा हात धरला आणि म्हणाली, "पप्पा, आत्याला परत लावू?" तिनेच लावला फोन. स्पीकरवर. पुढचं सगळं तुम्ही ऐकलंत, पण तुम्ही तिकडे होतात. इकडून ते कसं होतं ते लिहिते.

तो पलंगावर बसलेला, फोन मांडीवर. आई खाली, पाठ पलंगाला टेकून. मी दारात. तो म्हणाला, "ताई, ते अजून आहेत?"

तुम्ही म्हणालात, "आहेत."

"काय करतात?"

तुम्ही सांगायला लागलात, आणि या वेळी इंग्रजीत शिरला नाहीत. म्हणालात की प्रकाश टाकला की त्यांतल्या काही पेशी इवलासा इशारा देतात, यंत्रावर रेघ हलते. म्हणालात की शेजारी दुसऱ्या बशीत तुम्ही त्याच्याच पेशी तो दोष दुरुस्त करून वाढवल्यात, म्हणजे आजारी कशा वागतात आणि बऱ्या कशा वागतात ते शेजारी शेजारी दिसतं.

"म्हणजे माझाच एक डोळा आजारी आणि एक बरा."

"तसंच समज."

"आणि तो बरा मला बसवता येईल?"

 आईंनी फोनकडे मान वळवली, जणू तिथे कोणी माणूस बसलाय.

"नाही," तुम्ही म्हणालात. "आज नाही. तुझ्यासाठी कदाचित कधीच नाही. पुढे कोणासाठी तरी, होईल अशी आशा आहे. मी शब्द देऊ शकत नाही, महेंद्र."

त्याच्या तोंडाकडे मला बघवेना. पण तो ओरडला नाही. म्हणाला, "हे मार्चमध्ये बोलायचं होतंस."

मग तुम्ही रडलात. मला आवडलं नाही, रडण्याची पाळी तुमची नव्हती. पण तुम्ही रडत रडत म्हणालात, "फोन केला असता तर तू मला विचारलं असतंस, ताई, तू काय शोधलंस माझ्यासाठी? आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून तीन शब्द लिहून मोकळी झाले." हे तुम्ही चार पानांत नव्हतं लिहिलं. हे पहिलं खरं वाक्य मी तुमच्या तोंडून ऐकलं.

त्याने पेशी ठेवायला सांगितल्या, तुम्ही ऐकलंच. "राहू देत. पण फुकट नाही," म्हणाला. तुम्ही कुठेही भाषणात त्याच्याबद्दल बोलाल तर त्याचं नाव घ्यायचं आणि नौपाड्यात काय झालं ते पहिल्यांदा सांगायचं, मग तुमची रेघ. आणि परिषदेपुढे यायचं, स्वतः. लेखी मत नाही. तुम्ही हो म्हणालात. परवानगीचा विषय काढला नाहीत, हे मी लक्षात ठेवलंय.

शेवटी तुम्ही म्हणालात, "आई, तुझी काही चूक नाही. कोणाचीच नसते. मी त्या दिवशी वाईट तऱ्हेने सांगितलं."

आईंनी काय उत्तर दिलं ते तुम्हाला नीट ऐकू गेलं नसेल, त्या फोनपासून लांब होत्या. त्या म्हणाल्या, "मना ठाऊक हाय. तुना कवा कलला?"

मी तुम्हाला माफ केलेलं नाही. महेंद्र माझ्याशी दोन दिवस बोलला नाही, आता बोलतो. या पत्राबद्दल त्याला सांगितलंय. लिहून झाल्यावर मी त्याला वाचून दाखवणार आहे.

रुपाली


खारेगाव
१७ फेब्रुवारी २०२५

नीरजाताई,

तुम्ही परत गेल्यावर लिहीन लिहीन म्हणत राहिले. आज लिहायलाच लागतंय.

आधी सुनावणीचं. तिथे तुम्ही काय बोललात ते मी समोर बसून ऐकलंय. डॉक्टर सर्वेशच्या वकिलाने विचारलं, "तुमच्या प्रयोगशाळेची जाहिरात व्हावी म्हणूनच तुम्ही भावाचा आजार जाहीर केलात ना?" मला वाटलं तुम्ही चिडाल. तुम्ही म्हणालात, "लोकांनी ऐकावं म्हणून केला. आणि त्याचा असा वापर होऊ शकतो याचा विचार करायला हवा होता, तो मी केला नाही. म्हणूनच इथे आलेय." महेंद्रने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला होता, तो त्याने घट्ट आवळला. तुमच्या संस्थेने यावरून तुमच्याकडे खुलासा मागितलाय हे आम्हाला सर्वांत शेवटी कळलं, तेही संचिताकडून. आम्हाला का नाही सांगितलंत? पण असू दे.

दुसरं. जायच्या आदल्या दुपारी तुम्ही संचिताला गच्चीवर घेऊन बसलात. मी पापड काढायला वर आलेले, जिन्यात थांबले. तिने विचारलं, "माझे पण डोळे जाणार का?" तुम्ही घाईने नाही म्हणाला नाहीत. तुम्ही म्हणालात, "बहुतेक नाही. दरवर्षी तपासायचे. तुझ्यात जे आहे तेच माझ्यात आहे. मी पण तशीच आहे, आणि मला दिसतंय बघ." मग ती म्हणाली, "म्हणून तू लग्न नाही केलंस?" आणि तुम्ही म्हणालात, "घाबरले होते. तू घाबरू नकोस. तू मोठी होशील तेव्हा विचारायला माणसं असतील, मी असेन."

मी खाली आले. पापड वरच राहिले. इतकी वर्षं मी तुम्हाला रागाने काय काय म्हटलं, त्यात हे कुठे बसवायचं ते मला समजत नाही. तुम्हीही तपासून घेतलं होतंत, आणि एकट्याच बसून राहिलात. याचाही मला रागच आलाय.

आता कामाचं. परिषदेचा आदेश आला. डॉक्टर सर्वेशचं रजिस्ट्रेशन वर्षभरासाठी निलंबित. नौपाड्याचं सेंटर बंद झालं, पाटी उतरवली. आईंनी गल्लीत पेढे वाटले. महेंद्रला चेरपोलीहून बोलावणं आलं, या मोसमात कॉमेंट्री करशील का म्हणून. त्याने अजून हो म्हटलेलं नाही.

आणि काल भावनाच्या वडिलांचा फोन आला, बदलापूरहून. ते कल्याणला शिवाजी चौकाकडे गेले होते, तिथे एका नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर सेंटर उघडलंय. नाव वेगळं. पाटीवर डॉक्टर वेगळा. काउंटरवर तीच मुलगी. भिंतीवर तोच टीव्ही. तुमचा व्हिडिओ काढलाय म्हणे, आता दुसऱ्या कोणा बाई लागल्यात, परदेशातल्या, खाली मराठी अक्षरं. खोली भरलेली होती.

मी ऐकून भिंतीवर मूठ मारली. अजून हात सुजलाय. परत तक्रार, परत तारखा, परत सहा महिने, आणि तोपर्यंत रोज कोणीतरी तो जिना चढणार! मी महेंद्रला म्हटलं, आता काय करायचं? तो म्हणाला, "जिन्यातच उभं राहायचं."

तर या रविवारपासून आम्ही जिन्यात उभे राहणार आहोत. महेंद्र, मी, आई, आणि बदलापूरचे ते दोघं. मारामारी नाही, घोषणा नाही. वर जाणाऱ्याला थांबवायचं आणि सांगायचं. मला ऐकूनच लोक पळतील, माझा आवाज तसा आहे. महेंद्रचं ऐकतील. पण ऐकून झाल्यावर ते विचारणारच, मग आम्ही काय करायचं? खरं औषध कधी येणार? तिकडे प्रयोगशाळेत नक्की चाललंय काय? त्याचं उत्तर आमच्यातल्या कोणाकडे नाही. ते नसलं की माणूस मुकाट्याने वर जातो, हे मी नौपाड्यात बघितलंय.

ते उत्तर देणारं माणूस हवंय. निळी साडी नको, पडद्यावर चित्रं नकोत. पायरीवर बसून एकेकाला, मराठीत, त्याला समजेपर्यंत. 'आज नाही' हे सुद्धा समजेपर्यंत.

या पत्राला उत्तर लिहू नका. या.

रुपाली